कच्चट वास, रवाळ घोट: व्हीगन प्रोटीन पावडरीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. दूध सोडलं, दुधापासून काढलेलं व्हे प्रोटीन बंद झालं, वनस्पतींपासून केलेली पावडर घरात आली, आणि चार दिवसांत तो डबा उघडावासा वाटेनासा झाला. पावडर कशापासून केली आहे, ती कशाने गोड केली आहे आणि आपण ती कशात कालवतो, यावर तिची चव ठरते. पहिल्या दोन गोष्टी डब्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या असतात, तिसरी आपल्या हातात असते.

प्रश्न: वाटाणा प्रोटीनची व्हॅनिला स्वादाची पावडर आणली. व्हॅनिला नावालाच आहे. वास कच्च्या वाटाण्याचा येतो आणि शेवटी जीभ कडवट होते. माल खराब निघाला का?

उत्तर: बहुधा नाही. हा वास वाटाण्याचाच आहे. वाटाणा दळला की त्यातलं लिपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम दाण्यातल्या थोड्याशा तेलावर काम करू लागतं आणि त्यातून हेक्झानाल तयार होतं. त्याचा वास कापलेल्या हिरव्या गवतासारखा असतो. जोडीला मेथॉक्सिपायराझिन गटातली द्रव्यं असतात. ढोबळ्या मिरचीला तिचा ओळखीचा वास देणारी द्रव्यं याच गटातली. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असली तरी ती नाकाला कळतात. त्यामुळे कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी थोडा मागमूस राहतो. शेवटी येणारा कडवटपणा मात्र वाटाण्यातल्याच सॅपोनिन नावाच्या कडू द्रव्यांचा.

व्हॅनिला का लागत नाही, याचंही कारण आहे. व्हॅनिलाचा मुख्य गंध म्हणजे व्हॅनिलिन. ते अल्डिहाइड गटातलं आहे आणि प्रोटीन अशा द्रव्यांना धरून ठेवतं. डब्यात व्हॅनिला असते, पण तिचा बराचसा गंध प्रोटीनला चिकटून बसतो आणि नाकापर्यंत पोचत नाही. म्हणून निव्वळ वाटाण्याच्या पावडरीत आमच्या मते व्हॅनिला हा सर्वांत अवघड स्वाद. चॉकलेट आणि कॉफी मुळातच कडसर, भाजक्या चवीची असतात. वाटाण्याचा उरलेला कडवटपणा त्यांच्यात मिसळून जातो.

हाती असलेला डबा मात्र टाकू नका. ३० ग्रॅम पावडरीला एक लहान चमचा बिनसाखरेचा कोको, अर्धं पिकलेलं गोठवलेलं केळं, एक लहान चमचा शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर आणि २५० मिलिलिटर थंडगार सोया किंवा ओट दूध घ्या. मिक्सरमधून फिरवा. हेक्झानालसारखी द्रव्यं तेलात विरघळतात, त्यामुळे बटर घातलं की त्यांचा वास दबतो. थंडपणामुळे गंध कमी उडतो. अगदी चिमूटभर मीठ घातलं तर कडवटपणा जिभेला कमी जाणवतो. पण आधी लेबलवरचं सोडियम बघा. वाटाण्याचं प्रोटीन वेगळं काढताना ते आधी आम्लाने खाली बसवतात आणि मग सोडियमयुक्त अल्कलीने उदासीन करतात, म्हणून कित्येक पावडरींत मुळातच बरंच सोडियम असतं. एका मापात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर वेगळं मीठ नको.

प्रश्न: दुकानात चाखून बघता येत नाही. निव्वळ लेबल वाचून चवीचा अंदाज बांधता येतो का?

उत्तर: बऱ्यापैकी बांधता येतो. पुढच्या बाजूचं चित्र आणि स्वादाचं नाव बाजूला ठेवून डबा उलटा करा.

पहिला हिशोब टक्केवारीचा. एका मापातलं प्रोटीन भागिले मापाचं वजन. ३० ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रोटीन म्हणजे ८० टक्के. ही जवळजवळ निव्वळ आयसोलेट, म्हणजे बाकीचे घटक काढून प्रोटीन दाट केलेली पावडर झाली, तिच्यात स्वादाला फारशी जागाच उरत नाही. अशी पावडर एकतर बेचव असते किंवा अगदी थोड्या वजनात पुष्कळ काम करणाऱ्या तीव्र गोडव्याने भरलेली असते. ३० ग्रॅममध्ये २० ते २२ ग्रॅम, म्हणजे ६७ ते ७३ टक्के असेल, तर कोको, थोडं स्निग्ध आणि घट्टपणा देणारा पदार्थ यांना जागा मिळते. चवीसाठी हाच पट्टा आम्हाला बरा वाटतो. मापच ४५ ग्रॅमचं आणि प्रोटीन २० ग्रॅम असेल, तर तो ४४ टक्के प्रोटीनचा गोड पेय-मिश्रणाचा डबा आहे. चवीला छान लागेल, पण आपण कशाचे पैसे देतो आहोत हे माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट घटकांचा क्रम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव कोणत्या प्रोटीनचं आहे, यावरून तोंडात येणारा पोत कळतो. त्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे. नुसतं ‘वाटाणा प्रोटीन’ लिहिलं आहे की ‘वाटाणा प्रोटीन आयसोलेट’, तेही पाहा. आयसोलेटमध्ये साधारण ८० टक्के प्रोटीन असतं. कोरड्या पद्धतीने, म्हणजे दळून आणि हवेच्या झोतात कण वेगळे करून केलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये ते ५० ते ५५ टक्के असतं. उरलेल्या भागात स्टार्च, तंतू आणि वाटाण्याची मूळ चव भरपूर असते.

तिसरी, गम. झँथन किंवा ग्वार गम असेल तर पेय दाटसर आणि मऊ लागतं, पण दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की खिरीसारखं घट्ट होतं. सकाळी ढवळून दुपारी पिणाऱ्यांनी गम नसलेली पावडर घ्यावी. सूर्यफुलाचं लेसिथिन दिसलं तर ते चांगलं लक्षण समजा. त्याने पावडर पाण्यावर तरंगत न राहता लवकर भिजते.

घटकांत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं आढळलं तर मात्र डबा परत ठेवा. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. बहुतेक वेळा नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावरचं प्रोटीनही वाढतं. ग्लायसिन चवीला गोड असतं, त्यामुळे अशी पावडर पहिल्या घोटाला आवडूनही जाते.

हे सगळं करूनही पहिल्यांदा मोठा डबा घेऊ नका. एका वेळेच्या पुड्या मिळत असतील तर दोन स्वादांच्या दोन-दोन पुड्या घ्या आणि पहिली नुसत्या पाण्यात पिऊन बघा. पाण्यात जी सुसह्य लागते ती बाकी कशातही चांगलीच लागते.

प्रश्न: वाटाणा, सोया, तांदूळ, हेम्प, भोपळ्याच्या बिया. यांतली चवीला सर्वांत चांगली कोणती?

उत्तर: नुसती एकच निवडायची तर सोया आयसोलेट. सोयाबीनलाही कच्चट वास असतो, पण आयसोलेटमध्ये सुमारे ९० टक्के प्रोटीन असतं, ते पाण्यात चांगलं मिसळतं आणि दुधाच्या जवळ जाणारा मऊपणा देतं. अमिनो आम्लांचा मेळही चांगला. सोयाची ॲलर्जी नसेल तर निव्वळ गैरसमजापायी ते टाळण्याचं कारण नाही. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं, कारण सोयामुळे गोळी कमी शोषली जाऊ शकते.

तांदळाच्या प्रोटीनची चव सौम्य, किंचित धान्याची, अडचण पोताची. त्यातलं मुख्य प्रोटीन ग्लुटेलिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून घोट खडूच्या पुडीसारखा लागतो आणि पेल्याच्या तळाशी साका बसतो. शिवाय त्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. वाटाण्यात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. दोन्ही एकत्र केली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, म्हणून बाजारात ७० भाग वाटाणा आणि ३० भाग तांदूळ अशी मिश्रणं पुष्कळ दिसतात. चवीलाही हे जमतं, कारण वाटाण्याचा वास थोडा पातळ होतो आणि तांदळाचा रवाळपणा वाटाण्याच्या दाटपणात लपतो. तांदूळ अर्ध्यावर गेला की जीभ तक्रार करू लागते.

हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या बियांच्या) पावडरीत साधारण ५० टक्के प्रोटीन आणि बरेच तंतू असतात. रंग शेवाळी, चव गवताळ, पोत भरड. पेयासाठी आम्ही ती सुचवणार नाही. ओट्सच्या लापशीत एखादा चमचा ठीक. भोपळ्याच्या बियांची पावडर हिरवट असली तरी चव खमंग असते आणि मिश्रणात १०-१५ टक्के असेल तर स्वाद खुलतो. फावा बीनचं (बाकल्याचं) प्रोटीन अलीकडे मिश्रणांत दिसतं. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी ते पूर्ण टाळावं.

प्रश्न: स्टीव्हिया घातलेली पावडर प्यायली की अर्धा तास घशाशी विचित्र गोडी राहते. घरातल्या बाकीच्यांना काहीच वाटत नाही. असं का?

उत्तर: कडू चव ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं प्रत्येकात सारखी नसतात. त्यामुळे एकाला जी गोडी स्वच्छ लागते ती दुसऱ्याला कडसर, जेष्ठमधासारखी लागते. स्टीव्हियातली गोड द्रव्यं साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. त्यांची गोडी उशिरा चढते आणि उशिरा उतरते. त्यातही फरक आहे. रेबॉडिओसाइड ए कडसर मागचव सोडतं, रेबॉडिओसाइड एम बरंच स्वच्छ असतं. लेबलवर ‘रेब एम’ असा उल्लेख असेल तर ती पावडर एकदा करून बघायला हरकत नाही. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आहे. त्याची मागचव कमी, पण काहींना ती कृत्रिम वाटते. एरिथ्रिटॉल साखरेपेक्षा कमी गोड असतं आणि तोंडात गारवा आणतं. चॉकलेटला तो गारवा शोभत नाही.

तुमच्यासाठी सोपा मार्ग आहे. त्याच कंपनीची बिनगोडाची, बिनस्वादाची पावडर मिळते का पाहा आणि दोन्ही निम्म्या-निम्म्या मिसळा. स्टीव्हिया थेट अर्ध्यावर येतं आणि जुना डबाही संपतो. पुढच्या वेळी बिनगोडाचीच घ्या आणि गोडीसाठी दोन भिजवलेले खजूर किंवा अर्धं केळं वापरा. साखरच घालायची तर एक लहान चमचा पुरे.

प्रश्न: कितीही हलवलं तरी गुठळ्या राहतात. संत्र्याच्या रसात तर पावडर फाटल्यासारखी दिसते. गरम कॉफीतही तेच.

उत्तर: तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

गुठळीचं कारण क्रम. कोरड्या पावडरीवर द्रव ओतलं की बाहेरचा थर भिजून चिकट होतो आणि आतली पावडर कोरडीच अडकते. म्हणून आधी भांड्यात १०० मिलिलिटर थंड द्रव, मग ३० ग्रॅम पावडर, मग २० सेकंद जोरात हलवणं. दोन मिनिटं तसंच ठेवा, उरलेलं १५० ते २०० मिलिलिटर द्रव घाला आणि पुन्हा हलवा. मधली दोन मिनिटं टाळू नका, कण पाणी पिऊन फुगतात ते तेव्हाच. रवाळपणा फारच असेल तर बिनगमची पावडर कालवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बराच फरक पडतो. मिक्सर वापरत असाल तर ३० सेकंद पुरेत. जास्त फिरवलं की हवा शिरते आणि पेलाभर फेस होतो.

रसाचं कारण आम्लता. वाटाण्याचं प्रोटीन पीएच ४.५ च्या आसपास सर्वांत कमी विरघळतं. कारखान्यात ते पाण्यातून वेगळं काढतात ते याच तत्त्वावर. आंबट रसात पावडर घातली की पेल्यात तेच घडतं, आणि प्रोटीनचे बारीक कण एकमेकांना धरून खाली बसतात. प्रकृतीला अपाय नाही, पण तोंडात वाळूसारखं लागतं. बेरी किंवा संत्रं हवंच असेल तर द्रव म्हणून सोया किंवा ओट दूध घ्या आणि फळ मूठभरच ठेवा.

कॉफी आंबट असते आणि गरमही, म्हणून तिथे दुहेरी अडचण. पावडर आधी ५० मिलिलिटर थंड वनस्पतिजन्य दुधात पेस्टसारखी कालवा. कॉफी उकळती न घेता पिण्याजोगी होऊ द्या आणि बारीक धारेने ओतत ढवळत राहा. कमी आंबट, जास्त भाजलेली कॉफी घेतली तर फाटण्याची शक्यता आणखी कमी.

आणि माप चमच्याने न घेता वजनकाट्यावर घ्या. डब्यातला चमचा दाबून भरला की सैल, यावर कित्येक ग्रॅमचा फरक पडतो. ‘कालच्यापेक्षा आज घट्ट झालं’ याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

प्रश्न: प्यायल्यावर पोट फुगतं, गॅस होतो.

उत्तर: संशयाचा क्रम असा ठेवा: इन्युलिन किंवा चिकोरीचे तंतू, मग एरिथ्रिटॉल-झायलिटॉलसारखे शुगर अल्कोहोल, मग गम, आणि शेवटी खुद्द प्रोटीन. कॉन्सन्ट्रेटमध्ये कडधान्यांतल्या रॅफिनोजसारख्या शर्करा उरतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून वायू करतात. आयसोलेटमध्ये त्या कमी असतात. कमीत कमी घटकांचं आयसोलेट घ्या, आठवडाभर १५ ग्रॅमच घ्या आणि हळूहळू पिऊन बघा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी वाटाणा किंवा ल्युपिनची पावडर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. ही सगळी एकाच कुळातली आहेत आणि काहींना दोन्हींचा त्रास होतो. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं यांतलं काहीही झालं तर तो पचनाचा प्रश्न समजू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

प्रश्न: ‘प्लांट प्रोटीन’ लिहिलं म्हणजे पावडर व्हीगन असतेच ना?

उत्तर: असतेच असं नाही. प्रोटीन वनस्पतीचं आणि स्वादात दूध पावडर, असंही असतं. घातलेलं जीवनसत्त्व डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून काढतात. लायकेनपासून (दगडफुलाच्या जातीपासून) केलेलं डी३ किंवा डी२ असेल तर ते चालेल. ‘ॲनिमल-फ्री व्हे’ सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात, पण ते दुधातलंच प्रोटीन असतं. दुधाची ॲलर्जी असेल तर ते चालणार नाही. व्हीगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह १९९० पासून आहे आणि त्यावर विश्वास ठेवता येतो.

प्रश्न: वनस्पतिजन्य पावडरींत शिसं आणि कॅडमियम असतं असं वाचलं. चॉकलेट स्वाद घ्यावा की नाही?

उत्तर: भीती अगदीच निराधार नाही. रोपं जमिनीतून धातू ओढून घेतात, आणि प्रोटीनचा अंश दाट केला की त्यासोबत धातूही दाट होऊ शकतात. पाण्यात उभ्या असलेल्या भाताच्या पिकात आर्सेनिक शिरतं, तर कोकोत कॅडमियम आणि शिसं येतं. म्हणजे चवीसाठी सर्वांत सोयीचं चॉकलेट याच बाबतीत कमकुवत ठरतं. रोज एकच माप घेणाऱ्याने कंपनीकडून त्या बॅचचा तपासणी अहवाल मागवावा आणि हिशोब स्वतः करावा. अहवालात शिसं ०.०२ पीपीएम (म्हणजे दर ग्रॅमला ०.०२ मायक्रोग्रॅम) असेल तर ३० ग्रॅमच्या मापात ०.६ मायक्रोग्रॅम झालं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर इशारा छापावा लागतो. ही मर्यादा फार कडक आहे. ती ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असं नाही, पण दोन डब्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी पडतो. जी कंपनी अहवाल द्यायला तयार नसते, तिचा डबा आम्ही घेणार नाही.

‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ या चिन्हासाठी जड धातूंसारख्या दूषितांचीही तपासणी होते. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’चा भर खेळाडूंना बंदी असलेल्या द्रव्यांवर आहे, तेव्हा दोन्ही चिन्हं एकच मानू नका. रोज दोन-तीन मापं घेत असाल तर बिनस्वादाची वाटाणा किंवा सोया पावडर बरी, कोको एखाद्या वेळेपुरता ठेवावा. गर्भवती आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही पावडर सुरू करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनाही हेच लागू.

प्रश्न: चव जमली, पण व्हेइतका उपयोग होतो का?

उत्तर: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६१ तरुण पुरुषांना १२ आठवडे व्यायामासोबत दिवसातून दोनदा २५ ग्रॅम वाटाणा प्रोटीन, व्हे किंवा प्रोटीन नसलेलं पेय दिलं होतं. दंडाच्या स्नायूची जाडी वाढण्यात वाटाणा आणि व्हे यांत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायाम करणाऱ्याने दिवसभरात शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन घेतलं तर पुरतं. त्यातलं जेवणातून किती येतं ते आधी मोजा आणि उरलेल्यापुरतीच पावडर घ्या.

प्रश्न: सूर्यफुलाच्या प्रोटीनचे मफिन केले, ते आतून हिरवे झाले. फेकून द्यावे का?

उत्तर: नको, खा. सूर्यफुलाच्या बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल खाण्याच्या सोड्याच्या अल्कलीत हिरवं होतं. सोडा कमी करा, त्याऐवजी बेकिंग पावडर वापरा आणि एक चमचा लिंबाचा रस घाला. पिठाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त प्रोटीन पावडर घालू नका, आणि तेवढी घातली तर द्रव दोन-तीन चमचे वाढवा. ती पाणी भरपूर ओढते आणि मफिन कोरडे पडतात.

प्रश्न: उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवावा का?

उत्तर: नाही. बाहेर काढल्यावर थंड डब्यात दमट हवा शिरते, आत दव धरतं आणि पावडरीचे गोळे होतात. कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट झाकण लावून ठेवा आणि चमचा पूर्ण कोरडा असू द्या. हेम्प आणि भोपळ्याच्या पावडरीत तेल उरलेलं असतं, म्हणून त्या लवकर खवट होतात. लहान डबा घ्या आणि दोन महिन्यांत संपवा. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला तर तारीख उरली असली तरी टाकून द्या. तो खवटपणा कोकोनेही झाकला जात नाही.